गाडी चालवावीच लागते का?

वाचकांचे प्रश्न

नव्या वाचकांसाठी आधी माझ्याबद्दल थोडं. १९८३ ते २०१४ अशी ३१ वर्षं मी पुण्यात शहर बस चालवली. बहुतेक ड्यूट्या कात्रज, स्वारगेट, हडपसर या पट्ट्यातल्या. निवृत्तीनंतर काही वर्षं मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली. या महिन्याची पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी समोर येत होती. लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांना गाडी चालवायची हौस नाही. त्यांना ती चालवावी लागते. कुणाचे डोळे साथ देत नाहीत, कुणाचं वय बसत नाही, कुणाच्या छातीत धडधडतं. तरी सगळे स्टेअरिंगवर आहेत, कारण घरातून निघून कामावर पोचायचा दुसरा मार्ग त्यांच्यासाठी कुणी ठेवलेलाच नाही. लोक वाईट गाडी चालवतात याचं हे मोठं कारण आहे, असं माझं पक्कं मत झालंय.

‘धायरीत राहतो. गाडी आहे, पण ती घेऊन हे बाणेरला जातात. माझं ऑफिस शिवाजीनगर कोर्टाजवळ. गेल्या पावसाळ्यात स्कूटरवरून दोनदा घसरता घसरता वाचले. आठ लाखांचं लोन मिळतंय. दुसरी गाडी घेऊ का?’ (एक वाचक, धायरी)

ताई, परवा मंगळवारी सकाळी मी तुमचाच प्रवास करून पाहिला. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आठ वाजून पाच मिनिटांनी धायरी फाट्यावर उभा राहिलो. २४ मिनिटं बस नाही. मग दोन आल्या, एकीला एक चिकटून. पहिलीत पाय ठेवायला जागा नाही, मागची अर्धी रिकामी. थांब्यावर एक बाई चिडून म्हणाल्या, ‘मुद्दाम जोडीनं सोडतात हो.’ तसं नसतं. पहिली बस कुठेतरी पाच मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर पाच मिनिटांची जास्तीची माणसं जमतात. ती चढेपर्यंत बस आणखी मागे पडते, की त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. मागच्या बसला सगळे थांबे रिकामे मिळतात, ती भराभर येते आणि पहिलीला गाठते. डेपोतून दहा मिनिटांच्या अंतराने सुटलेल्या बस अशा जोडीनं येऊन उभ्या राहतात.

बस अडकते कशात, तेही खिडकीतून पाहिलं. वडगावपासून पुढे शेजारून जाणाऱ्या पहिल्या ३० मोटारी मोजल्या. २३ गाड्यांत ड्रायव्हर एकटा. आमच्या बसमध्ये बसून-उभे धरून साठ तरी माणसं होती आणि बसची लांबी १२ मीटर. हीच साठ माणसं एकेकटी मोटारीत बसली तर, मोटार चार मीटरची आणि मध्ये दोन मीटरचं अंतर धरलं, तर ३६० मीटरची रांग होते. त्या रांगेत एकसष्टावी गाडी तुमची असेल आणि मागची बस आणखी दोन मिनिटांनी उशिरा येईल.

सिंहगड रस्त्यावर पूल बांधून झाले. राजाराम पुलाच्या चौकातला उड्डाणपूल २०२४ च्या १५ ऑगस्टला सुरू झाला, विठ्ठलवाडी ते फनटाइम २०२५ च्या १ मेला. काही सिग्नल नक्कीच वाचले. पण पुलावरून सुटलेल्या सगळ्या गाड्या शेवटी दांडेकर पुलाकडे आणि स्वारगेटकडेच उतरतात, आणि तिथला रस्ता होता तेवढाच आहे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवतोय ना? कोंडी फोडायला म्हणून बांधला आणि पंधरा-एक वर्षांत, २०२० मध्ये, पाडला. मी त्या पुलाखालून बस नेलेली आहे. पूल होता तेव्हाही चौकात तितकाच वेळ जायचा.

स्वारगेटला उतरून मेट्रोत बसलो. मंडई, कसबा पेठ आणि पुढचं तुमचं सिव्हिल कोर्ट. बसच्या काळात याच अंतराला शिवाजी रस्त्यावर सणावाराला पाऊण तास घालवलाय मी. इथे दहा मिनिटांच्या आत उतरलो. सिव्हिल कोर्टचं स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, वर यायला सरकते जिने बरेच चढावे लागतात, तेवढी पाच मिनिटं हाताशी ठेवा. स्वारगेटपर्यंतचा हा मार्ग २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाला, तोवर तुम्हाला खरंच पर्याय नव्हता. आता अर्धा आहे. स्वारगेटपासून पुढचा चोख, धायरीपासून स्वारगेटपर्यंतचा रडतखडत.

आता पैशांचं. आठ लाखांचं लोन, ९ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता महिन्याला १२,८७० रुपयांच्या घरात जातो. रोजचे वीसेक किलोमीटर आणि गर्दीतलं मायलेज धरलं तर पेट्रोल साडेतीन-चार हजार. वर विमा, सर्व्हिसिंग आणि कोर्टाजवळ गाडी लावायला जागा शोधण्याची रोजची कटकट. माझं म्हणणं असं, की तीन महिने थांबा. बस आणि मेट्रोनं जा. ज्या दिवशी वीस मिनिटांत बस येणार नाही किंवा पाऊस कोसळत असेल, त्या दिवशी बिनदिक्कत धायरी ते स्वारगेट रिक्षा करा. महिन्यातून दहा वेळा केलीत तरी हप्त्याच्या जवळपासही जाणार नाही. खर्च वहीत लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी ह्यांच्यासोबत बसून ठरवा.

एवढं करूनही ऑफिसातून रात्री साडेनऊला सुटका होत असेल आणि त्या वेळेला स्वारगेटहून बस मिळतच नसेल, तर गाडी घ्या. अपराधी वाटून घेऊ नका.

‘काका, मी १७ वर्षांचा आहे. क्लास साडेपाच किलोमीटरवर. सगळे मित्र स्कूटरवर येतात. मला गाडी नीट येते, हेल्मेटही घालतो. एका वर्षानं असा काय फरक पडणार आहे?’ (एक विद्यार्थी, बिबवेवाडी)

पोरा, विचारलंस हे चांगलं केलंस. पुष्कळ मुलं विचारत नाहीत.

आधी कायदा. १६ पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी लायसन काढून चालवता येते. तुझ्या मित्रांच्या स्कूटर ११०-१२५ सीसीच्या, त्यांना १८ पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द. आणि तुला स्वतःला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. म्हणजे वर्षभराच्या घाईपायी पुढची आठ वर्षं हातची जातील, आणि तुरुंगाची टांगती तलवार आईच्या डोक्यावर.

आता एका वर्षानं काय फरक पडतो ते. गाडी येणं वेगळं आणि रस्ता येणं वेगळं. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. खिशात फोन वाजला, तू दोन सेकंद खाली पाहिलंस, तर ३३ मीटर तू आंधळा गेलास. माझ्या बससारख्या तीन बस एकापुढे एक उभ्या केल्या की जवळपास एवढं अंतर होतं. तेवढ्यात एखादं कुत्रं, एखादी आजी, उघडणारं मोटारीचं दार, काहीही येतं. ते येण्याआधी ओळखायचं असतं. उभ्या रिक्षाची पुढची चाकं वळलेली दिसली की ती आता बाहेर येणार, बसच्या पुढून कुणीतरी धावत निघणारच, हे पाहून पाहून अंगात मुरतं. ते तू आतापासून शिकू शकतोस, बसच्या पुढच्या सीटवर बसून. मीही ड्रायव्हर होण्याआधी असाच शिकलो.

सायकल ने म्हणावं तर मनाला पटत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा सिग्नलला बसच्या पुढे सायकलींचा थवा उभा असायचा, त्यात शाळेच्या मुली, कारकून, कामगार सगळे. आज बिबवेवाडीहून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर एकट्या मुलाला सायकलवर पाठवायला मी धजणार नाही. आतल्या गल्ल्यांतून वाट निघत असेल तर वडिलांसोबत एका रविवारी पाहून ये.

आईला माझा एक निरोप दे. क्लासच्या सरांना चार पालकांनी मिळून भेटावं आणि विचारावं, की मुलांना रात्री साडेनऊला का सोडता? साडेसातला सोडा. बस मिळते त्या वेळेला सुटणारा क्लास असला की निम्म्या स्कूटर आपोआप घरी राहतात.

‘वडील ७८ वर्षांचे, साताऱ्यात. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तरी गाडी सोडत नाहीत. किल्ली लपवून ठेवली तर दोन दिवस जेवले नाहीत. काय करू?’ (एक मुलगा, सध्या मुक्काम पुणे)

किल्ली परत द्या, आधी माफी मागा. मग एक दिवस रजा काढून साताऱ्याला जा आणि आबांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांच्यासोबत फिरा. बोलू नका, फक्त पाहा. मागे घेताना मान वळते का? उजवीकडे वळताना समोरून येणारा त्यांना केव्हा दिसतो, तुम्हाला दिसतो तेव्हाच, की नंतर? संध्याकाळी समोरच्या दिव्यानं डोळे मिटतात का? गाडीच्या डाव्या बाजूला नवे ओरखडे आहेत का? ट्रेनिंग स्कूलमध्ये असताना मी डाव्या बाजूचा पत्रा पाहूनच बरंच काही ओळखायचो.

वयाच्या ५५ नंतर लायसनचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्याला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. ते ओळखीतून सही करून आणू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आबांना घेऊन जा आणि त्यांच्यासमोरच प्रश्न विचारा. मुलगा नको म्हणतो ते लागतं, डॉक्टर नको म्हणतात ते मानवतं.

पण खरं काम त्यानंतरचं आहे. आबा गाडीनं जातात कुठे, ते लिहून काढा. मंडई, बँक, पेन्शन, दवाखाना, संध्याकाळी मित्रांचा कट्टा, महिन्यातून एकदा गावी. प्रत्येक ठिकाणाला दुसरी सोय लावा. ठरलेला एक रिक्षावाला बांधून घ्या, पैसे महिन्याचे तुम्ही द्या, पण फोन आबांनी करायचा, तुम्ही नाही. गावी जायला एसटी आहे. ७५ च्या पुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटीत तिकीट नाही. आधी रात्रीची गाडी बंद करा, मग हायवे, मग बाकीचं. एकदम सगळं काढून घेतलंत तर म्हातारा माणूस घरात कोंडला जातो, आणि तो आजार मोतीबिंदूपेक्षा वाईट.

‘लायसन काढून दोन वर्षं झाली. चढावर सिग्नलला गाडी थांबली की मागचे हॉर्न वाजवतात आणि माझी गाडी बंद पडते. रडू येतं.’ (एक वाचक, कोंढवा)

हँडब्रेक ओढा. क्लच सोडत सोडत गाडी किंचित थरथरेपर्यंत या, बोनेट थोडं वर उचललेलं दिसेल, तिथेच पाय धरून ठेवा. हळू रेस द्या आणि मगच हँडब्रेक सोडा. रविवारी सकाळी सहाला रिकाम्या चढावर हे पन्नास वेळा करा. एक्कावन्नाव्या वेळी हॉर्न ऐकूच येणार नाही.

‘तुम्ही बसची इतकी बाजू घेता. रस्त्यावर सगळ्यात बेदरकार बसवालेच असतात. थांब्यापासून लांब थांबवतात, माणूस पुरता उतरायच्या आत बस काढतात. याचं उत्तर द्या.’ (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

देतो.

१९९१ चा श्रावण. मी संध्याकाळच्या खेपेला होतो, तेव्हाच २० मिनिटं उशीर. आमच्याकडे मागच्या दारातून चढायचं आणि पुढच्या दारातून उतरायचं. उतरणारे उतरले, असं मला वाटलं. कंडक्टरनं डबल बेल दिली नव्हती, दोरीला हातही लावला नव्हता. मी क्लच सोडला. पुढच्या पायरीवर एक आजी होत्या, नऊवारीतल्या, हातात फुलांची पुडी. त्या खाली कोसळल्या. मनगट मोडलं. मी बस तिथेच उभी केली आणि रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं. त्या वाटेत एकदाच बोलल्या, ‘लेकरा, एवढी कसली घाई होती?’ परत आलो तेव्हा पायरीच्या खोबणीत त्यांच्या हिरव्या बांगडीचे दोन तुकडे अडकलेले होते. ते मी काढून खिशात ठेवले. पुढची २३ वर्षं डावा आरसा रिकामा दिसल्याशिवाय आणि डबल बेल ऐकल्याशिवाय माझा पाय क्लचवरून उठला नाही.

चूक माझी होती, तेव्हा तुमची तक्रार मी खोटी म्हणणार नाही. पण घाई येते कुठून, तेही ऐका. खेपेला ठरलेला वेळ कागदावर असतो. रस्त्यावर गाड्या दुप्पट-तिप्पट झाल्या, तरी कागदावरची मिनिटं त्या प्रमाणात वाढत नाहीत. उशीर झाला की तो शेवटच्या स्टँडवरच्या विश्रांतीतून कापला जातो. चहा जातो, लघवीला जायचं राहतं. सहा तास ते दाबून बसलेला माणूस सिग्नलला कसा वागेल, याचा विचार करा. मुतखड्यानं आणि कंबरदुखीनं वाकलेले माझे किती सोबती मी नावानिशी सांगू शकतो.

थांब्यापासून लांब बस थांबते, कारण थांब्यावर मोटार उभी असते. १२ मीटरची बस कडेला लावायला पुढे-मागे मोकळी जागा लागते. कुणी ‘दोनच मिनिटं’ म्हणून गाडी तिथे लावली की बसचा मागचा भाग रस्त्यातच राहतो आणि उतरणारी आजी बस आणि मोटार यांच्या फटीतून वाट काढते. २०१८ मध्ये महापालिकेच्या सभेनं पार्किंगचं धोरण मंजूर केलं होतं. रस्त्यावर गाडी ठेवायची तर पैसे द्यायचे, अशी साधी गोष्ट. शहरभर विरोध झाला आणि ते कागदावरच राहिलं. त्या वेळी विरोध करणाऱ्यांत माझे शेजारीही होते, त्यांच्याशी मी अजून वाद घालतो.

बसला मोकळा रस्ता दिला की ड्रायव्हर कसा बदलतो, हे मी अनुभवलंय. २००६ च्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेली लेन, पुण्यात सुरू झाली. उणिवा भरपूर होत्या. स्कूटरवाले लेनमध्ये घुसायचे, मधल्या थांब्याला जायला बायामाणसांना धावत्या गाड्यांतून रस्ता ओलांडावा लागायचा. तरी ज्या दिवशी लेन मोकळी मिळायची, त्या दिवशी मी कात्रजहून स्वारगेटला वेळेत पोचायचो, हॉर्नला हात न लावता. अंगातला ताणच उतरायचा. ती लेन दुरुस्त करायची सोडून लोकांनी तिला शिव्या घातल्या, आणि नगर रस्त्यावरची तर उखडून टाकली. याचं दुःख मला आजही आहे.

तुमच्यासमोर कुणी चूक करील तर बसचा नंबर, वेळ आणि थांबा लिहून तक्रार करा. ‘बसवाले असेच’ असं लिहिलंत तर ती फाइलला जाते. ‘अमुक नंबरची बस, सकाळी ९.४०, थांब्यावर न थांबता गेली’ असं लिहिलंत तर डेपोत त्या माणसाला बोलावतात. मला दोनदा बोलावलं होतं, त्यातली एक तक्रार रास्त होती.

‘आमच्या गल्लीपासून बसथांबा दीड किलोमीटर. तिथवर फुटपाथ नाही. बस असून उपयोग काय? कुणाकडे मागायचं?’ (महिला बचतगट, आंबेगाव)

ताईंनो, तुम्ही गट म्हणून लिहिलंत, तिथेच निम्मं काम झालं.

केंद्राच्या मापदंडानुसार चांगल्या सेवेसाठी दर हजार लोकांमागे ०.६ बस, म्हणजे लाखाला ६० हव्यात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची मिळून लोकसंख्या साठ लाखांच्या वर गेली आहे, त्या हिशेबानं साडेतीन हजारांहून जास्त बस लागतात. रस्त्यावर धावतात त्या यापेक्षा पुष्कळच कमी. तेव्हा ‘बस कमी आहेत’ हे उत्तर तुम्हाला मिळेल आणि ते खरंही आहे. तरी मागायचं, कारण जिथून मागणी लेखी येते तिथे नवी बस आधी जाते.

पुणे महापालिकेत नागरिकांच्या सूचना अर्थसंकल्पात घ्यायची पद्धत आहे, २००६ पासून. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो, साधारण पावसाळ्याच्या दिवसांत. फुटपाथ, थांब्याचं छप्पर, बाक, दिवा ही कामं त्यात मागता येतात. थांब्यासाठी आणि फेऱ्यांसाठी वेगळा अर्ज डेपो मॅनेजरांना. त्यात भावना लिहू नका, आकडे लिहा. सोमवार ते शनिवार, सकाळी सात ते नऊ, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी दोघींनी बसायचं आणि मोजायचं. किती बायका चालत थांब्याला जातात, किती मुलं शाळेला, किती जण बस मिळत नाही म्हणून सहा आसनी रिक्षा धरतात आणि तिला किती देतात. रोज एक पान. शेवटी सगळ्यांच्या सह्या. थांबा नेमका कुठल्या खांबापाशी हवा आणि तिथे १२ मीटरची बस कडेला लागेल का, तेही लिहा. रस्ता कुठे अरुंद आहे त्याचे फोटो लावा. बस वळवायला जागा लागते, ती तुमच्या भागात कुठे आहे हे डेपोतल्या साहेबांना माहीत नसतं. तुम्ही दाखवून दिलीत तर त्यांचं एक मोठं कारण संपतं.

मोजणीचा आठवडा ठरला की मासिकाच्या पत्त्यावर मला कळवा. वळायची जागा पाहायला मी येतो. चुन्याची पिशवी आणि मोजपट्टी घेऊन येईन, बसचं वळण जमिनीवर आखून दाखवतो.